दादा, त्या स्क्रिप्टसाठी थँक्यू (आता चिडू नका)

दादा, नमस्कार. समोर भेटलं की तुम्ही आभार-बिभार काही ऐकूनच घेत नाही, विषय बदलता, म्हणून सगळ्या शाळांची बाकी फी एकदम काढणाऱ्या त्या स्क्रिप्टबद्दल इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांना सांगतो, आमच्या इंदूरच्या ऑफिसात शाळांच्या फीचं सॉफ्टवेअर आहे, एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम), आणि दर शाळेचा डेटाबेस वेगळा. साहेबांनी बाकी फी विचारली की वरून एकेक डेटाबेस निवडा, तीच क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) मारा, उत्तर एक्सेलमध्ये चिकटवा, मग पुढची शाळा. मार्चमध्ये तर जीव जायचा.

मी एमएसफॉरईचडीबी (एकच क्वेरी सगळ्या डेटाबेसवर फिरवणारी, सर्व्हरमधलीच तयार प्रोसिजर) वापरणार होतो, क्वेरीतल्या प्रश्नचिन्हाच्या जागी डेटाबेसचं नाव आपोआप येतं ना, भारीच वाटलं होतं. तुम्ही लगेच थांबवलंत. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ती नाही, आणि कधीकधी एखादा डेटाबेस गाळते, वर एरर पण देत नाही! फीच्या हिशोबात एक शाळा गायब झाली असती तर कोणाला कळलं असतं सांगा.

मग रामबागेत तुमच्या घरी बसून तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतलंत. सिस डॉट डेटाबेसेस या सर्व्हरवरच्या डेटाबेसांच्या यादीतून फक्त ऑनलाइन असलेले घ्यायचे, आयडी 4 च्या पुढचे, म्हणजे मास्टर, टेम्पडीबी, मॉडेल, एमएसडीबी हे सर्व्हरचे स्वतःचे चार डेटाबेस बाहेर. नावाला कोटनेम लावायचं, म्हणजे ते चौकोनी कंसात बसतं (आमच्या एका डेटाबेसच्या नावात मधेच हायफन आहे, कुणी ठेवलं देव जाणे). क्वेरीचा मजकूर तयार झाला की आधी नुसता प्रिंट करून डोळ्यांनी वाचायचा, मगच एसपी एक्झिक्यूट एसक्यूएलने तो चालवायचा. दर ओळीत डेटाबेसचं नाव, आणि सगळं एकाच टेम्प (तात्पुरत्या) टेबलात.

पण मला खरं आवडलं ते ट्राय-कॅच, म्हणजे एरर आली तर ती पकडायची सोय. एखाद्या जुन्या डेटाबेसमध्ये ते टेबलच नसलं तर त्याचं नाव आणि एरर वेगळ्या टेबलात जाते आणि एकेक डेटाबेस घेणारा लूप पुढे चालू राहतो, कारण क्वेरी डायनॅमिक (आयत्या वेळी मजकूर जोडून चालवलेली) असल्यामुळे आतली एरर बाहेरच्या कॅचला सापडते, सरळ तिथेच लिहिली असती तर टेबल नसल्याची एरर त्याच कॅचला सापडली नसती. तुम्ही म्हणालात, जे आलं नाही त्याची यादी आधी बघायची, बेरीज नंतर. साहेबांना आता दोन्ही पाठवतो.

नवीन शाळा आली तरी स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. आता अपडेटसाठी (डेटा बदलायला) पण असंच करायचंय, पण ते तुम्ही शेजारी बसल्याशिवाय मी चालवणार नाही. शनिवारी रात्री सराफ्यात (इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत) या, भुट्ट्याचा कीस माझ्याकडून, आणि लॅपटॉप मी आणतो.