सुध्यास, आप्पांच्या खात्याबद्दल

मुलुंड, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

दिवाळीत तू दोनदा फोन केलास, तुझ्या निनादला गुप्तवार्ता खात्यात डेटाचं काम कसं मिळेल ते विचारलंस, आणि मी 'बघतो, सांगतो' करत तीन महिने काढले. रागावला असशील, रागव. पण कारण वाचून घे, आणि हे पत्र गिरगावच्या ग्रुपवर टाकू नकोस. पम्याला तर मुळीच नाही. आमच्या सईची निवड झाली आहे. कुठे ते लिहीत नाही, आप्पांचं नाव घेतलं की तुला कळेल. पडताळणी होऊन गेल्या सोमवारी पत्र आलं. तोवर कोणाशी बोलायचं नाही असं तिने बजावलं होतं, आणि निनादचा विषय निघाला असता तर तिचाही निघालाच असता.

माझी शुगर आटोक्यात, हिचा गुडघा तसाच.

आठवीत आपण महिनाभर बोलत नव्हतो, आठवतं? आप्पा कुठे गेलेत विचारलं तर तू 'सरकारी कामाला' एवढंच म्हणालास आणि मी तुला आतल्या गाठीचा ठरवलं. तुलाच ठाऊक नव्हतं, हे मला आत्ता कळतंय. माफ कर.

आधी निनादचं. 'डेटा अ‍ॅनालिस्ट' नावाची जाहिरात शोधत बसला तर त्याची वर्षं जातील, कारण पदाच्या नावात डेटा नसतो. बीसीए झाल्यावर त्याला आयबीचं, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोचं, ज्युनिअर इंटेलिजन्स ऑफिसर, टेक्निकल हे पद बघू दे. डिप्लोमा, बीएस्सी, बीसीए अशांसाठी ते असतं. मूळ वेतन २५,५०० पासून, वर २० टक्के विशेष सुरक्षा भत्ता. त्यावरचं असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर, टेक्निकल म्हणजे वेतनाची लेव्हल ७, सुरुवात ४४,९०० ला, पण त्याला इंजिनिअरिंगची पदवी किंवा कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी आणि 'गेट' परीक्षेचा स्कोर लागतो. एफआययूत, म्हणजे पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या खात्यात, थेट भरतीच्या आशेवर राहू नये. तिथे बरेच जण दुसऱ्या खात्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात. अर्ज भरताना जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच. आणि पडताळणीच्या फॉर्ममध्ये काही लपवायचं नाही. गेल्या पाच वर्षांत वर्षाहून जास्त कुठे राहिलात ते पत्ते विचारतात. भाड्याची घरं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर असतात, म्हणून 'हे वर्षात बसत नाही' असं ठरवून गाळू नये, सगळी लिहावीत. एखादी जुनी पोलीस तक्रार असेल तर तीही. तक्रारीपेक्षा ती दडवणं महागात पडतं. खोटी माहिती ही अपात्रता, असं फॉर्मच्या माथ्यावरच छापलेलं असतं.

आता माझं. सई काय करणार हे तिने सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण बँकेच्या टोकाला बसून मी इतकी वर्षं याच जातीचा डेटा वर पाठवलाय, त्यामुळे नवख्या माणसापुढे काय येतं ते मला दिसतं. सिनेमातल्यासारखे नकाशे आणि माणसांची जाळी नाही येत. येतात घाणेरड्या याद्या. खाते क्रमांक सोळा आकडी असेल आणि कोणी फाइल नुसती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, तर पंधराच्या पुढचा आकडा शून्य होतो. सेव्ह केली की मूळ आकडा गेला. तो रकाना टेक्स्ट म्हणूनच आत घ्यायचा. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे पाठवणाऱ्याला विचारायचं, अंदाज करायचा नाही. फोनचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, पंधरा आकडी, पण शेवटचा पडताळणीचा आकडा नेटवर्कवर जातच नाही, कॉल रेकॉर्डमध्ये तिथे बहुधा शून्य येतं. खोक्यावरचा नंबर जसाच्या तसा शोधणारा म्हणतो, हा फोन वापरलाच नाही. पहिले चौदा जुळवायचे, की सापडतो.

आणि नावं! आपल्या वर्गात तीन सावंत होते, नाडकर्णी बाई हजेरी घेताना दमायच्या. साउंडेक्स म्हणून नावं उच्चारावरून जुळवायची जुनी पद्धत आहे, इंग्रजी नावांसाठी अमेरिकेत बेतलेली, आणि अजून कित्येक सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. ती 'व्ही' मोजते आणि 'डब्ल्यू' सोडून देते. त्यामुळे डब्ल्यूने लिहिलेल्या सावंतचा कोड येतो एस५३०, व्हीने लिहिलेल्या सावंतचा एस१५३. एकच माणूस दोन झाला. आणि शिंदे? एस५३०. संत? तेही एस५३०. म्हणजे डब्ल्यूवाला सावंत शिंद्यांच्या पंक्तीला आणि व्हीने लिहिणारा त्याचा सख्खा भाऊ बाहेर. लग्नानंतर बदललेलं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हे सगळं वेगळंच. जन्मतारीख, पॅन, पत्ता यांतलं किमान एक स्वतंत्रपणे जुळल्याशिवाय दोन ओळी एका माणसाच्या म्हणू नयेत. मूळ रकाना कधी पुसायचा नाही, दुरुस्ती शेजारी नव्या रकान्यात, आणि कोणी कधी का केली ते लिहून. सईला हे मी जेवताना, गाडीत, बाजारात सांगत सुटलोय. ती म्हणते, 'बाबा, पुरे.'

पण मला झोप लागत नाही ती याच्यामुळे. समज, एक कोटी लोकांची यादी आहे आणि त्यात शोधायची माणसं शंभर. नियम इतका चांगला की शंभरातली नव्व्याण्णव पकडतो आणि निर्दोष माणसाच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकतो. निघतील किती? खरी ९९ आणि चुकीची ९९,९९९. हजार नावांत एक खरं! १० लाखांवरच्या रोखीचा अहवाल आम्ही बँकवाले दर महिन्याला एफआययूला पाठवतो, त्यात वाशीच्या मार्केटमधला कांद्याचा व्यापारी प्रत्येक वेळी असतो, कारण त्याचा धंदाच रोखीचा. त्याच्या नावापुढे कोणीतरी 'संशयास्पद' लिहिलं की ते सईसारख्या एखाद्या मुलीच्या टेबलावर जातं. तिने काय शब्द लिहायचा? अमेरिकेत १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी', म्हणजे गंभीर शक्यता, आहे असं गुप्तवार्ता अहवालात लिहिलं गेलं. सीआयएतल्या शर्मन केंटने नंतर अहवाल करणाऱ्यांनाच विचारलं, तर कोणाच्या मनात शंभरात वीस होतं, कोणाच्या ऐंशी. सगळ्यांनी सही केली होती एकाच शब्दावर. आपला पम्या 'बहुतेक येतो' म्हणायचा आणि आपण चर्नी रोडला तासभर उभे, तसंच. फक्त इथे उभा राहणारा माणूस पोलीस ठाण्यात असतो.

चूक सगळ्यांकडून होते, सुध्या. माझ्याकडून झाली की मी घरी येऊन बोलतो, ही चहा करते, दुसऱ्या दिवशी निस्तरतो. सई कोणापाशी बोलेल? १९२३ चा गोपनीयता कायदा आहे, आणि १९८५ चा कायदा गुप्तवार्ता संघटनांतल्या माणसांना संघटना करण्यावर, वर्तमानपत्राशी बोलण्यावर बंधनं घालतो. ती बंधनं मला मान्य आहेत, असायलाच हवीत. नोव्हेंबर २००८ मधले ते तीन दिवस आपण दोघांनी फोनवर काढलेत, वेगळं सांगायला नको. पण एक माणूस चुकीचा जुळवला गेला हे मनात घेऊन ती या स्वयंपाकघरात बसेल आणि मी विचारीन, 'काय झालं?', ती म्हणेल, 'काही नाही, काम.' मग मी आठवीतल्यासारखा फुगून बसणार का? तिने आत, आपल्या वरिष्ठापाशी, त्याच दिवशी चूक सांगावी एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. घरात कसं वागायचं, ते मला येत नाही.

काकूंना येतं. आप्पा रात्री कितीही वाजता आले तरी त्या जेवायच्या थांबलेल्या असायच्या आणि एक शब्द विचारायच्या नाहीत, हे मी तुमच्या खोलीत अभ्यासाला झोपायचो तेव्हा पाहिलंय. तेव्हा वाटायचं, किती घाबरतात. तसं नव्हतं ना? मग काय होतं, ते मला त्यांच्याकडून ऐकायचंय, आणि सईला ऐकवायचंय.

ती पुढच्या सोमवारी ट्रेनिंगला जाते. निनादलाही आण, तो बोलेल तिच्याशी, कामाचं सोडून. तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची शाळा? भेटीत बोलू. शनिवारी काकूंना घेऊन पंचवटीने ये, कल्याणला उतर, मी गाडी घेऊन स्टेशनबाहेर थांबतो. लोकलच्या गर्दीत त्यांना घालू नकोस.

तुझा,
बाळ्या