जुन्या संगणकाचे शेल मेमरी बघून निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात माळ्यावरचे आणि शाळांच्या अडगळीतले जुने एक्सटी आणि त्यानंतरच्या पिढ्यांचे २८६, ३८६ संगणक खाली काढून चालू करणारी मंडळी आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो. पण डॉसचा, म्हणजे त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, प्रॉम्प्ट दिसला रे दिसला की कमांड.कॉम हे मूळचे शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) काढून फोरडॉस हे जास्त सोयींचे शेल टाकायची घाई होते, आणि तिथेच मशीन अडते. शेल सोयी बघून नव्हे, मेमरी बघून निवडायचे असते.

दोन फ्लॉपींच्या, ६४० केबीच्या एक्सटीवर मूळचे कमांड.कॉमच ठेवा. त्याचा छोटा भाग मेमरीत कायम बसतो. मोठा भाग मेमरीच्या वरच्या टोकाला असतो आणि मोठा प्रोग्राम तो पुसून टाकतो. प्रोग्राम संपला की तो भाग डिस्कवरून पुन्हा वाचावा लागतो, म्हणून मशीन 'कमांड.कॉमची फ्लॉपी घाला' म्हणते. ती बिघाड नाही. प्रत्येक कामाच्या फ्लॉपीवर त्याच आवृत्तीचे कमांड.कॉम ठेवले की प्रश्न मिटतो. दुसऱ्या आवृत्तीचे चालत नाही. आपल्याकडच्या पावसात फ्लॉपीला बुरशी धरते, तेव्हा चकती हाताने फिरवून खिडकीतून बघा. पांढरे ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालूच नका; हेड घाण होते आणि पुढची चांगली फ्लॉपीही जाते.

फोरडॉस उत्तमच: जुन्या कमांड बाणाने परत येतात, टोपणनावे देता येतात, फाइलला वर्णन जोडता येते. पण काम नसताना ते स्वतःला एक्सएमएस किंवा ईएमएस, म्हणजे ६४० केबीपलीकडच्या जादा मेमरीत हलवते. ती नसेल तर डिस्कवर, आणि फ्लॉपीवर ते रखडत चालते. म्हणून मशीन २८६ किंवा त्यावरचे, मेमरी एक एमबी किंवा जास्त आणि ती जादा मेमरी वापरू देणारा हाय-मेम ड्रायव्हर असेल तरच घ्या. फक्त बाणाने कमांड परत हवी असेल, तर डॉस ५ पासून मिळणारे डॉसकी सुमारे ४ केबीत ते काम करते. बहुतेकांना तेवढेच पुरे.

बदलायचेच असेल तर आधी 'फॉरमॅट ए: /एस' ने बूट फ्लॉपी करा आणि तिच्यावरून मशीन सुरू होते ना, ते बघा. मग कॉन्फिग.सिस या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये शेलची ओळ (कोणते शेल चालवायचे ते सांगणारी) लिहा. कमांड.कॉमसाठी तिच्यात /ई:५१२ आणि /पी हवेतच. /पी विसरलात तर ऑटोएक्झेक, म्हणजे सुरू होताना आपोआप चालणारी कमांडची फाइल, चालत नाही. /ई ने राखलेली जागा कमी पडली तर पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) लांबताच 'आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस' येते. शेलच्या ओळीत फोल्डरचे नाव चुकले तर 'बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर' येऊन मशीन थांबते. डॉस ६ असेल तर सुरू होताना एफ५ दाबा, आधीचे असेल तर ती बूट फ्लॉपी घाला. मूळचे कमांड.कॉम मात्र हार्ड डिस्कवरून पुसू नका. कित्येक जुने इन्स्टॉलर तेच शोधतात.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर