तोटी अर्धी बंद करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

माझं नाव कुठेही छापू नका, असं तुम्ही जाता जाता बजावलंत. ते पाळलं आहे. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत आहोत. जागतिक मानवतावादी मदत आणि विकास या विषयांवरच्या आमच्या विद्यार्थी सप्ताहात लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते तुमच्या हातून झालं, आणि ते कुणी केलं हे आलेल्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच नाही. सप्ताह आटोपला, तंबू उतरले, तरी तुमचा विषय निघाला की अजून घसा दाटतो. त्यामुळे लिहिताना मागचंपुढचं झालं तर सांभाळून घ्या.

अशा सप्ताहात भाषणं असतात, चर्चा असतात, माहितीपट असतात. लोक मन लावून ऐकतात, टाळ्याही वाजवतात. पण छावणीत माणशी रोज १५ लिटर पाणी म्हणजे काय, हे ऐकून कळत नाही. म्हणून मैदानात निर्वासितांच्या छावणीतल्यासारखं नळकोंडाळं उभं केलं होतं. चौथऱ्यावर हजार लिटरची टाकी, तिच्यातून निघालेला एक पाइप, त्याला चार तोट्या, वीस वीस लिटरचे कॅन आणि लांबवर ताडपत्रीचं ‘घर’. येणाऱ्याने कॅन भरायचा, घरापर्यंत न्यायचा, तिथल्या पिंपात ओतायचा. ते पाणी गाळून पुन्हा टाकीत, म्हणजे नासाडी नको. सगळं आखल्याप्रमाणे चालू होतं आणि तरीही कुणाला काही कळत नव्हतं. टाकी भरलेली, पाइप जाड, त्यामुळे तोटी उघडली की मिनिटाभरात कॅन भरे. लोक हसत यायचे, कॅन उचलून फोटो काढायचे आणि पुढच्या दालनाकडे निघायचे.

तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. प्रेक्षकांमधूनच तुम्ही पुढे आलात आणि विचारलंत, “चारही तोट्या एकदम उघडून मोजल्यात का?” मनगटावरचं घड्याळ आणि एक कॅन एवढ्यावर तुम्ही मोजमाप केलंत. टाकीजवळच्या तोटीतून धो धो पाणी आणि टोकाच्या तोटीतून निम्मं. एकेक तोटी सुटी मोजली तर हे कधीच दिसत नाही, कारण पाइपमधलं सगळं पाणी तेव्हा एकीच्याच वाट्याला येतं. मग तुम्ही टाकीजवळच्या तोटीचा कॉक जास्त आवळलात, पुढच्यांचा कमी कमी, टोकाचा जवळपास मोकळाच ठेवलात आणि शेवटी मुख्य व्हॉल्व्हला अर्धा आटा दिलात. पुन्हा कॅन, पुन्हा घड्याळ. चारही तोट्यांवर वीस लिटरला २ मिनिटं ४० सेकंद लागेपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत.

एवढंच. व्हॉल्व्हचा अर्धा आटा. आम्ही आभार मानतो आहोत ते मुख्यतः त्याचेच.

कारण मिनिटाला साडेसात लिटर हा आकडा छावण्यांच्या हिशेबातला आहे. ‘स्फिअर’ हा मदतसंस्थांनी मिळून किमान मानकं ठरवण्यासाठी चालवलेला उपक्रम. त्याच्या मानकांनुसार एका तोटीमागे जास्तीत जास्त २५० माणसं, तोटीचा प्रवाह मिनिटाला ७.५ लिटर आणि माणशी रोजचं किमान पाणी १५ लिटर. स्वयंसेवकांना तुम्ही हा गुणाकार जमिनीवर काडीने करून दाखवलात. २५० माणसांचे ३,७५० लिटर झाले. साडेसातने भागलं की ५०० मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. तोटी दिवसभर एक क्षणही बंद झाली नाही, एकही कॅन उलटला नाही, रांगेत भांडण झालं नाही, तर कुठे ही किमान मर्यादा गाठली जाते. पुस्तकात हे तीन आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात. ते एकमेकांना कसे बांधलेले आहेत हे मात्र तोटीपाशीच दिसलं.

प्रवाह कमी झाला तशी रांग आपोआप लागली. आमच्या फलकांनी जे साधलं नव्हतं ते त्या रांगेने साधलं. पाच माणसांच्या घराला दिवसाला ७५ लिटर लागतात, म्हणजे वीस लिटरचे जवळजवळ चार कॅन. पाणवठा घरापासून जास्तीत जास्त ५०० मीटरवर असावा, असं मानक सांगतं. त्या अंतरावर चार खेपा म्हणजे चार किलोमीटर चाल, त्यातली निम्मी वीस किलोचं ओझं घेऊन. रांगेतली वाट पाहणं वेगळं, तेही मानकाप्रमाणे तीस मिनिटांपर्यंत. पहिल्या खेपेला जोरात निघालेली माणसं वाटेत कॅन खाली ठेवून हात बदलताना दिसली. कॅनची पातळ मूठ बोटांत रुतते, हे त्यांना फलकावरून कळलं नसतं.

आणि मग ते घडलं, ज्याकडे बघायला तुम्ही स्वयंसेवकांना मुद्दाम सांगितलं होतंत. लोक कॅन अर्धाच भरून निघायला लागले. मागे रांग आहे, ओझं सोसवत नाही, अर्धा पुरे. छावणीत नेमकं हेच होतं आणि हिशेबाच्या तक्त्यात ते उमटत नाही. टाकीत पाणी असतं, तोटी चालू असते, तरी घरात पाणी कमी पडतं. ते कमी पडलं की पिणं आणि स्वयंपाक सुटत नाही, आधी हात धुणं सुटतं. हगवण तिथून शिरते. ‘घरा’तल्या पिंपापाशी उभ्या असलेल्या मुलीने रोजचं पाणी मोजून खडूने लिहायला सुरुवात केली, आणि टाकीतून गेलेलं पाणी व घरी पोचलेलं पाणी हे दोन आकडे शेजारी आल्यावर प्राध्यापक मंडळीसुद्धा थबकून वाचत होती.

बाकीच्या सूचनाही तुम्ही त्याच शांतपणे दिल्यात. टाकी रिकामी होत गेली की दाब उतरतो आणि प्रवाह साडेसातच्या खाली जातो, म्हणून टाकीवर आतून दिसेल अशी रेघ मारून पातळी तिच्याखाली जाऊ द्यायची नाही. कॅनचं तोंड अरुंद असतं, हात आत जात नाही, म्हणून बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून तो खळखळून हलवायचा आणि मग विसळायचा. क्लोरीन तोटीपाशी मोजून थांबायचं नाही, घरातल्या पिंपातही मोजायचं. तोटीपाशी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन दाखवणारं पाणी कळकट कॅनमध्ये काही तास राहिलं की शून्यावर येऊ शकतं, कारण कॅनच्या आतली घाणच ते संपवते. चाचणीच्या नळीतला गुलाबी रंग तोटीपाशी ठळक आणि पिंपापाशी जेमतेम, हे पाहिल्यावर मुलांना आणखी काही समजावावं लागलं नाही.

शौचालयाच्या नमुन्यापाशी तुम्ही फक्त दार आतून ओढून पाहिलंत आणि कडी कुठे आहे असं विचारलंत. वीस माणसांमागे एक, घरापासून ५० मीटरच्या आत, बायकांसाठी तीन तर पुरुषांसाठी एक, हे सगळं फलकावर बिनचूक होतं. आतून कडी नसेल आणि रात्री वाटेवर उजेड नसेल तर बाई तिथे जाणारच नाही, मग ते मोजायचं कशाला, असं तुम्ही म्हणालात. कडी तासाभरात बसली.

आता थोडं मनातलं. मदतीसाठी आम्ही जिथे आधी गेलो होतो तिथे आम्हाला काय मिळालं, हे लिहिल्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही. या क्षेत्रातल्या एका मोठ्या नावाच्या संस्थेने तज्ज्ञ पाठवायचं कबूल केलं आणि ऐन वेळी माहितीपत्रकांचे गठ्ठे पाठवले. एका सल्लागारांनी नळकोंडाळ्याचा आराखडा फोटोत पाहून ‘छान दिसतंय’ एवढाच शेरा दिला. छान दिसण्यासाठी ते बांधलंच नव्हतं. प्रवाह किती, हा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट पुरतं. एका प्रायोजकांना प्रवेशद्वारावर हाडं दिसणाऱ्या बाळाचा मोठा फोटो आणि त्याखाली आपलं बोधचिन्ह हवं होतं. रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेतलं दहावं कलम त्यांना वाचून दाखवलं. आपत्तीत सापडलेल्यांना प्रसिद्धीत हताश वस्तू म्हणून नव्हे, तर आत्मसन्मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं, असं ते सांगतं. फोटो लागला नाही, आणि प्रायोजकही मागे फिरले. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं नाही. कुपोषण समजावणाऱ्या दालनात त्या बाळाऐवजी दंडाचा घेर मोजायची पट्टी ठेवली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला की ते अतितीव्र कुपोषण. पट्टीचं तेवढं वेटोळं करून लोक त्याकडे बघत उभे राहायचे. कुणाचाही चेहरा वापरावा लागला नाही.

त्या मंडळींना आकडे माहीत नव्हते असं नाही. त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण विद्यार्थ्यांचा कार्यक्रम म्हणजे शोभेचा, तिथे नेमकेपणाची काय गरज, असा त्यांचा समज होता. तो समज आम्हाला फार लागला. तुम्ही एका प्रदर्शनातल्या तोटीला खऱ्या छावणीतल्या तोटीइतकाच मान दिलात. तिथे पाणी प्यायला कुणीही येणार नव्हतं, तरी तुम्ही सेकंद मोजलेत.

या मानकांच्या मागे काय आहे हे तुम्ही त्या संध्याकाळी पायरीवर बसून सांगितलंत, तेव्हा ते सेकंद का मोजायचे हेही कळलं. १९९४ च्या जुलैत रवांडातून शेजारच्या झाईरमधल्या (आताचं काँगो) गोमा इथे लाखो निर्वासित काही दिवसांत येऊन पोचले. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेलं पाणी माणशी रोज ०.२ लिटर, म्हणजे एक पेलाभर, इतकंच पुरवता आलं. कॉलरा आणि हगवण पसरली आणि पहिल्या महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसं गेली. ‘स्फिअर’चं काम १९९७ मध्ये सुरू झालं त्यामागे हा धडा होता. मदत पोचली होती, संस्था पुष्कळ होत्या, पण किती म्हणजे पुरेसं हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं नव्हतं.

सज्जनपणा म्हटलं की लोकांना मऊ बोलणं आठवतं. आम्हाला आता दुसरंच काही आठवतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा आला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी कालवून पिंपांत भरलं आणि ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यात वैद्यकीय हुशारी होतीच, पण परक्या, अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांवर टाकलेला विश्वासही होता. आईला नीट दाखवलं तर आई नीट पाजेल, हे आधी मनातून मानावं लागतं. तुम्ही आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती घड्याळ आणि कॅन देऊन बाजूला झालात, त्यातही तेच होतं. दर सकाळी त्यांनी चारही तोट्या मोजल्या आणि एकदाही कुणाला आठवण करावी लागली नाही.

मोजमापाचा तो कागद, टाकीवरच्या रेघेची उंची आणि कोणता कॉक किती आवळायचा याचा तक्ता पुढच्या समितीच्या फाइलमध्ये लावला आहे. व्हॉल्व्हच्या दांड्यावर तुम्ही मारलेली खूणही पुसू दिलेली नाही.

एक अडचण मात्र सुटली नाही. तोट्यांखाली चिखल होत राहिला. फळ्या टाकल्या तर चिखल फळ्यांच्या कडेला सरकला. पुढच्या वेळी तोट्यांखाली उताराचा ओटा करून पाणी खडीच्या शोषखड्ड्यात सोडायचा विचार आहे. माती चिकट आहे, पाणी लवकर जिरत नाही. अशा मातीत एकच खोल खड्डा घ्यावा की लांबट, उथळ चर, यावर समितीत दोन तट पडले आहेत. सवड मिळेल तेव्हा दोन ओळींत कळवा, खोदाई तुमच्या उत्तरानंतरच सुरू करू.

आपले कृतज्ञ,
सप्ताह समितीतले सर्व विद्यार्थी