दादा, त्या "किरकोळ खर्च"वाल्या ओळीसाठी थँक्यू

दादा, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे ओ बाई" म्हणता आणि लगेच मोहोर कसा आहे ते विचारता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदलून दाखवा विषय.

गावात बऱ्याच जणांना अजून वाटतं की तुमच्या मुंबईच्या कंपनीने आपल्या शाळेला विज्ञानाच्या प्रयोगांसाठी दान दिलं. दान नाहीये ते. 2013 च्या कंपनी कायद्यातलं 135 वं कलम, 1 एप्रिल 2014 पासून लागू, मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान 2 टक्के सामाजिक कामाला लावायचे (यालाच सीएसआर म्हणतात), हे तुम्हीच मला एसटी स्टँडवर उभ्या उभ्या समजावलेलंत. मोठी म्हणजे नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यातलं एक बसलं तरी झालं. तोवर आम्हाला कंपन्यांचा एकच अनुभव, मार्च जवळ आला की कुणीतरी येणार, खोकी उतरवणार, फोटो काढणार आणि बॅनर गुंडाळून जाणार (नाव नाही घेत). त्यातला एक स्मार्ट बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात गेला, दुरुस्तीवाला कोल्हापूरहून निघालाय म्हणे, अजून घाटातच असेल.

तुमच्या ऑफिसातूनसुद्धा आधी तयार किटचंच कोटेशन आलेलं. तुम्ही अकाउंट्सचा माणूस, तुमचं ते कामही नाही, तरी सीएसआरच्या मॅडमना जाऊन सांगितलंत की खाडीकाठच्या शाळेत जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असते, मायक्रोस्कोपच्या काचेला बुरशी येते, मल्टिमीटरची टोकं गंजतात, त्यामुळे वस्तू थोड्या कमी द्या पण किरकोळ खर्चाला वेगळी ओळ ठेवा. त्या ओळीतून काय काय झालं सांगू? आत बल्ब पेटता ठेवायचं कपाट, सिलिका जेल, सेल, वायरी, होडीचं भाडं. आणि बीएस्सी होऊन घरी बसलेल्या आमच्याच माजी विद्यार्थिनीला अर्धवेळ मानधन, जिच्यामुळे कपाटाची चावी हेडसरांच्या ड्रॉवरमधून एकदाची बाहेर आली. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं खरं तर.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. संस्था रजिस्टर्ड हवी, 12ए आणि 80जी ही आयकर सवलतीची नोंदणी हवी, तीन वर्षांचं काम दाखवायला हवं, वर सरकारकडे नोंदणीचा सीएसआर-1 फॉर्म, त्यावर डिजिटल सही आणि सीएचं सर्टिफिकेट. आमच्या चेअरमनकाकांना डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो वाटलेला. तुम्ही गणपतीच्या सुट्टीत आरती झाली की लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओटीवर बसायचात, वहिनींनी किती बोलणी खाल्ली असतील घरच्यांची ते त्यांनाच ठाऊक, त्यांनाही थँक्यू. शिवाय काम एका वर्षाचं न दाखवता ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून मांडायला लावलंत, नाहीतर मार्चअखेर जे उरेल ते सहा महिन्यांत सरकारच्या फंडात गेलं असतं. ऑनगोइंग असल्यामुळे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात राहतात आणि पुढची तीन वर्षं वापरता येतात. हे आम्हाला कोण सांगणार होतं?

आता मुलांचं सांगते, त्यासाठीच तर एवढं लिहायला घेतलं. आपल्याकडे म्हातारी माणसं भरतीची वेळ कशी काढतात तुम्हाला माहितीये, तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे चार, चारची पाऊणपट तीन, तर तीनच्या सुमाराला भरती. आठवीच्या पोरांनी जेटीवर खुणा केलेला बांबू बांधला आणि वेळा लिहून ग्राफ काढला, आणि एक मुलगी उभी राहून म्हणाली, बाई, पौर्णिमेला भरती बाराला येते ना, मग पंधराची पाऊणपट सव्वाअकरा कशी? मी गप्पच. मग फळ्यावर सगळं मांडलं, तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तास सरकते, म्हणजे तिथीला 48 मिनिटं, पाऊणपटीत 45 च धरतात, खरं गुणोत्तर चार पंचमांश. मुलीने ते घरी आजोबांना सांगितलं, आजोबा तांडेल (होडीचे मुख्य) होते, ते म्हणाले बरोबर असेल गो, पण वल्हं मारताना चार पंचमांश कोण करीत बसणार! त्यात ग्राफसुद्धा सरळ रेषेत आला नाही, उधाणाच्या दिवसांत (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) वेळ कमी सरकते आणि भांगाला (अष्टमीच्या आसपास) जास्त, त्यावर अजून वर्गात भांडण चालू आहे. अपूर्णांकाला घाबरणारी पोरं ही, दादा!

बाकी सोलांच्या पाण्यात सोडा घालून आम्ल-आम्लारी झालं, खाडीकडच्या विहिरींचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून झालं. शून्य सावली (सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली) आपल्याकडे मे महिन्यात सुट्टीत येते आणि ऑगस्टमध्ये ढगात, म्हणून आम्ही 21 मार्चला, सूर्य विषुववृत्तावर असतो तेव्हा, एक मीटरची काठी उभी केली, दुपारी सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा ती 30 सेंटिमीटरच्या आसपास, कोन काढला तर 17 अंशांच्या जवळ, म्हणजे आपले अक्षांशच. नकाशात बघायच्या आधी मुलांनी ते वहीत लिहिलेलं होतं.

एक विनंती आहेच, पत्र फुकट नाही लिहिलेलं. पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये होडीचं भाडं कुणी कापायला बघितलं तर कृपा करून कापू देऊ नका, त्यापेक्षा एक मायक्रोस्कोप कमी करा. पैसे कशाला वापरले त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट तयार आहे, फक्त सीएची सही राहिलीये, या आठवड्यात कुरिअर करते. आणि शिमग्याला याल तेव्हा शाळेत या, पालखीच्या आदल्या दिवशी आलात तर बरं, नंतर पोरं सापडायची नाहीत.

तुमची,
गणित-विज्ञानाची बाई