वाईनच्या द्राक्षाला एफआरपी नाही, म्हणून आधी संघटना आणि मग लागण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील गावांमध्ये सध्या वाईनच्या द्राक्षाविषयी बोलणे वाढले आहे. सततच्या उसाने आणि पाटपाण्याने जमिनी क्षारपड होत चालल्या असताना कमी पाण्यावर येणारे, डॉगरिजसारख्या क्षार सोसणाऱ्या खुंटावर (ज्यावर कलम करतात त्या मुळाच्या रोपावर) तग धरणारे पीक म्हणून तरुण शेतकरी द्राक्षाकडे वळू पाहत आहेत, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. त्यातही वाईनच्या जातींना जिबरेलिकचे डिपिंग (मणी फुगावेत म्हणून घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि मण्यांची विरळणी ही मजुरीची मोठी कामे बहुधा करावी लागत नाहीत, त्यामुळे खाण्याच्या द्राक्षापेक्षा खर्च कमी येतो, हे आकर्षणही खोटे नाही. मी स्वतः खाण्याच्या द्राक्षाचा बागाईतदार आहे आणि माझ्याकडेही याविषयी विचारणा होते. विचारणारे रोपे कुठे मिळतील, दर काय बसेल, कोणती कंपनी माल उचलेल, हे सारे विचारतात. परंतु कोणत्या संघटनेचे सभासद व्हावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते तो पहिला प्रश्न असायला हवा, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरचा शेतकरी उसावर वाढलेला आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस गाळपास गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, विलंब झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे लागते आणि साखर उताऱ्यावर आधारित किमान दर, म्हणजेच एफआरपी, केंद्र सरकार जाहीर करते. हे सर्व दरवर्षी वेळेवर पाळले जाते असे कोणी म्हणणार नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदा आणि महामार्गावरची आंदोलने त्याचसाठी झाली. तरीही हक्क कागदावर आहे, म्हणूनच त्यासाठी भांडता येते. वाईनच्या द्राक्षाला असा कोणताही आदेश लागू नाही. किमान दर नाही, चौदा दिवसांची मुदत नाही, वजनाविषयी आणि गोडीच्या मोजणीविषयी कायद्याने बांधलेली पद्धत नाही. कंपनीने करारात जे लिहिले असेल तेवढाच शेतकऱ्याचा हक्क, आणि करार नसेल तर तोही नाही. ज्या पिकाला कायद्याचे कुंपण नाही, त्याला संघटनेचे कुंपण घातल्याशिवाय त्यात पैसा गुंतवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पिकाची दुसरी अडचण अधिक कठीण आहे. थॉमसन, सोनाका किंवा तास-ए-गणेशची बाग असेल आणि बाजार पडला, तर आपण माल तासगावच्या बाजूला बेदाण्यासाठी नेतो. नुकसान होते, पण माल वाया जात नाही. कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा असतो. तो हातगाडीवर खपत नाही आणि त्याचा बेदाणाही कोणी घेत नाही. शिवाय तो तोडणीला आला की थांबत नाही: वेलीवर अधिक ठेवला तर गोडी वाढते पण आम्लता उतरते, आणि तोडून ठेवला तर उन्हात क्रेटमध्येच आंबायला लागतो. म्हणजे ज्या माणसाला माल विकायचा तो एकच, आणि ज्या आठवड्यात विकायचा तो आठवडाही एकच. अशा व्यवहारात एकटा शेतकरी वाईनरीच्या दारात उभा राहिला, तर दर कोण ठरवणार हे सांगायला नको.

हे केवळ भीतीपोटी लिहिलेले नाही. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभे केले, आणि त्या उत्साहात अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या. २००८ च्या मंदीत आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर पर्यटन घटले, वाईनची मागणी खाली आली आणि टाक्यांमध्ये साठा पडून राहिला. त्यानंतरच्या हंगामांत नाशिक भागातील कितीतरी बागाईतदारांनी उभ्या वेली उपटल्या किंवा त्यावर खाण्याच्या जातीचे कलम भरले. ज्या कंपन्या टिकल्या त्यांनी शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार सांभाळले, ही चांगली बाजूही नोंदवली पाहिजे. पण करार सांभाळणे हे एखाद्या कंपनीच्या चांगुलपणावर किंवा तिच्या तिजोरीवर सोडून देण्याची गोष्ट नाही. लागणीपासून भरवशाचा माल हाती यायला दोन-तीन वर्षे लागतात. अँगल, तारा, ठिबक यांचे कर्ज त्याहून अधिक काळ चालते. निदान तेवढ्या काळाची हमी कोणीतरी लेखी द्यायला हवी.

आता मोजणीकडे येतो, कारण भांडणाचे मूळ बहुधा तिथेच असते. वाईनच्या द्राक्षाचा दर गोडीवर, म्हणजे ब्रिक्सवर ठरतो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब ठेवून तो उजेडाकडे धरला की आत निळ्या-पांढऱ्या रेषेची पातळी दिसते. ती बावीस ते चोवीसच्या दरम्यान आली की माल वाईनसाठी योग्य मानला जातो. उपकरण साधे आहे, पण थेंब कोणत्या मण्याचा, यावर सगळे अवलंबून आहे. घडाच्या खांद्याचा मणी आणि शेंड्याचा मणी यांच्या गोडीत फरक असतो. उन्हाच्या बाजूचा घड आणि पानाआडचा घड, बांधाकडची ओळ आणि मधली ओळ, सकाळचा नमुना आणि दुपारचा नमुना, यांतही फरक पडतो. म्हणून बागेत तिरपे चालत अनेक वेलींवरून, घडाच्या वर-खाली दोन्हीकडून मणी घेऊन ते एकत्र चिरडून मोजणे, हीच खरी पद्धत. माझ्या ओळखीच्या एका बागाईतदाराचा माल वाईनरीच्या फाटकावर तपासला गेला तेव्हा वरच्या क्रेटमधले मोजके मणी घेतले गेले, आकडा कमी आला आणि दर उतरला. तिथे त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, आणि गाडी परत नेण्याचा पर्यायही नव्हता. उसाच्या काटामारीवर आपल्या जिल्ह्यात आयुष्यभर बोलणाऱ्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. नमुना कसा घ्यायचा, तो शेतात घ्यायचा की फाटकावर, दोघांच्या मोजणीत फरक पडला तर तिसरी मोजणी कोणी करायची, हे एकट्या शेतकऱ्याला कंपनीकडून लिहून घेता येत नाही, संघटनेला येते.

मात्र मला इथे वाईन तयार करणाऱ्यांच्या बाजूनेही बोलायचे आहे. भुरी (वेलीवर येणारी पांढरी बुरशी) आटोक्यात ठेवण्यासाठी आपण गंधकाची फवारणी करतो. खाण्याच्या द्राक्षात तोडणीपूर्व कालावधी पाळला की प्रश्न मिटतो. पण वाईनच्या द्राक्षावर तोडणीच्या तोंडाशी गंधक राहिले, तर आंबवताना त्यातून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो आणि पूर्ण टाकी बिघडू शकते. काही बुरशीनाशकांचे अंश यीस्टचे कामच मंदावतात. आपला शेतकरी डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवामान आले की शेजाऱ्याचा ब्लोअर फिरताना पाहून स्वतःही फवारणी करतो. त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते. दुसरीकडे, भुरीचा हल्ला चालू असताना फवारणी थांबवण्याचा धोका काय, हे वाईन तयार करणाऱ्याला शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ही माहिती इकडून तिकडे जाण्यासाठी दोघांनी एका टेबलावर बसले पाहिजे आणि ते टेबल हंगाम सुरू होण्याआधी, ऑक्टोबरच्या फळछाटणीपूर्वीच मांडलेले असले पाहिजे.

आज तसे टेबल आपल्या भागात नाही. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाने गेल्या साठहून अधिक वर्षांत जे काम केले आहे, त्याविषयी मला आदर आहे; छाटणीपासून निर्यातीच्या नियमांपर्यंत माझ्यासारख्या कित्येकांचे शिक्षण संघाच्या चर्चासत्रांत झाले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांमुळे युरोपात माल अडला, तेव्हा संघटित बागाईतदार आणि मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र नसते, तर निर्यात सावरणे फार कठीण झाले असते. पण संघाचे मुख्य लक्ष साहजिकच खाण्याच्या द्राक्षाकडे आणि बेदाण्याकडे आहे. वाईन उत्पादकांची संघटना निराळी आहे, तिचा जीव नाशिककडे आहे आणि तिचे विषय अबकारी शुल्क, परवाने आणि विक्री हे आहेत. दोन्ही संघटना आपापल्या जागी योग्य आहेत. त्यांच्यामध्ये वाईनच्या द्राक्षाचा शेतकरी उभा आहे आणि तो पूर्णपणे कोणाचाच नाही. म्हणून कोल्हापूर-सांगली पट्ट्यासाठी द्राक्ष उत्पादक आणि वाईन उत्पादक यांची संयुक्त प्रादेशिक संघटना व्हावी, अशी माझी सूचना आहे. ती बागाईतदार संघाच्या छत्राखाली झाली तरी चालेल.

असे कुठे झाले आहे का, असे विचारले जाईल. फ्रान्समधील शँपेन प्रांतात बहुतांश जमीन छोट्या उत्पादकांची आणि बहुतांश विक्री मोठ्या व्यापारी घराण्यांची, अशी स्थिती आहे. पीक बुडालेल्या हंगामांनंतर, घराणी बाहेरून स्वस्त माल आणतात या संतापातून तिथे १९११ मध्ये दंगे झाले, वाईन रस्त्यांवर ओतली गेली आणि सैन्य आणावे लागले. पुढे १९४१ मध्ये कायद्याने दोघांची एकच समिती झाली. तिला दोन अध्यक्ष असतात, एक उत्पादकांचा आणि एक घराण्यांचा. हेक्टरी किती माल घ्यायचा आणि कोणत्या गावात तोडणी केव्हा सुरू करायची, हे ती समिती दरवर्षी ठरवते. तिथली परिस्थिती आपल्यासारखी नाही, हे मला मान्य आहे. पण दोन अध्यक्षांची व्यवस्था आपल्यालाही घेता येईल, आणि ज्या जिल्ह्याने दूध आणि साखरेत सहकार उभा केला त्याला ती अवघड वाटू नये.

सभासदत्वाच्या नियमांत दोन बाबी मला फार महत्त्वाच्या वाटतात. वर्गणी एकरावर असावी पण मत माणशी एकच असावे, नाहीतर अर्ध्या एकराचा शेतकरी सभेला येईल आणि हात वर करण्यापुरताच राहील. दुसरी बाब सातबाऱ्याची. सभासद होण्यासाठी सातबाऱ्यावर नाव हवे, असा नियम सर्रास केला जातो. बागेत काडी बांधण्यापासून घड झाकण्यापर्यंतची निम्म्याहून अधिक कामे घरातील स्त्रिया करतात आणि त्यांचे नाव उताऱ्यावर क्वचित असते; खंडाने बाग करणाऱ्यांचे तर मुळीच नसते. प्रत्यक्ष बाग कसणाऱ्याला सभासद होता यावे. याशिवाय एखादा पुढारी संघटनेला निवडणुकीची पायरी करील, अशी शंका लोक घेतात. ती शंका रास्त आहे. सहकारी संस्थांत आपण ते पाहिले आहे, म्हणून पदाधिकाऱ्यांना मुदतीची मर्यादा घटनेतच घालावी.

वाईनलाच ज्यांचा विरोध आहे त्यांच्याविषयी थोडे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा राज्यभर विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. विरोध करणाऱ्यांमध्ये व्यसनमुक्तीचे मनापासून काम करणारी माणसे होती आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. पण त्या वादात दोन्ही बाजू द्राक्ष उत्पादकाचे नाव घेऊन बोलत होत्या आणि द्राक्ष उत्पादकाच्या करारात काय लिहिलेले असावे, याविषयी कोणीच काही बोलले नाही. विक्री वाढली तरी फायदा आपोआप शेतापर्यंत येत नाही.

लागणीसाठी खुंटरोपे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लावली जातात. त्याआधी बागाईतदार संघाने जयसिंगपूर किंवा इचलकरंजी येथे वाईनच्या द्राक्षासाठी स्वतंत्र सभा घ्यावी, या पट्ट्यात माल घेऊ इच्छिणाऱ्या वाईनरींना तिथे बोलवावे आणि कराराचा एक मराठी मसुदा सर्वांसमोर वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्या मसुद्यात किमान पाच हंगामांची खरेदी, ब्रिक्सनिहाय दर, नमुना घेण्याची पद्धत, फवारणी थांबवण्याची तारीख, तोडणीचा दिवस कंपनीमुळे पुढे गेल्यास भरपाई, आणि उसाप्रमाणेच चौदा दिवसांत पैसे व त्यानंतर व्याज, ही कलमे असावीत. ज्या शेतकरी बांधवांनी रोपांची आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही त्यांनी ती या सभेपर्यंत देऊ नये, आणि ज्यांनी दिली आहे त्यांनी आपल्या पावत्या घेऊन सभेला यावे.

कळावे,
आपला,
एक द्राक्ष बागाईतदार,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर