सुरुवातीची दहा मिनिटे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील चित्रपट परीक्षणात ‘पहिली दहा मिनिटे चुकली तरी फारसे बिघडत नाही, कथा त्यानंतरच पकड घेते’ असे वाक्य वाचले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. परीक्षण एखाद्या कौटुंबिक चित्रपटाचे असते तर मी मुकाट्याने पान उलटले असते. रहस्यपटाबद्दल असे लिहिलेले मात्र सहन होत नाही, कारण अशी दहा मिनिटे एकदा माझी खरोखरच चुकली आहेत आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

२०१८ मध्ये ‘अंधाधुन’ पाहायला गेलो तेव्हा जाहिराती नेहमीप्रमाणे वीसएक मिनिटे चालतील या हिशेबाने मी निवांत पोहोचलो. त्या दिवशी त्या लवकर आटोपल्या होत्या आणि मी अंधारात खुर्ची चाचपडत बसलो तेव्हा नायक पियानो वाजवत होता. चित्रपट आवडला. दिवे लागल्यावर शेजारी बसलेला मित्र म्हणाला, “म्हणजे तो ससा खराच होता तर!” मी विचारले, “कोणता ससा?” तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. शेवटाकडे नायक जी हकीकत सांगतो, ती घडलेली मानायची की रचलेली, हाच त्या चित्रपटाचा खरा पेच आहे. आणि तो सोडवताना प्रेक्षकाच्या हाताशी जे काही असते त्यातले मोलाचे ते कोबीच्या शेतातल्या, एका डोळ्याने अधू असलेल्या सशाच्या आणि त्याच्यामागे बंदूक घेऊन धावणाऱ्या माणसाच्या पहिल्या दृश्यात आहे. ते दृश्य मध्येच तुटते, त्याचा पुढच्या कथेशी काही संबंध दिसत नाही आणि प्रेक्षक ते जवळजवळ विसरूनही जातो. मी पुढे तो चित्रपट पुन्हा सुरुवातीपासून पाहिला, परंतु तोवर शेवट ठाऊक झाला होता. त्या सशाला विसरून मग अचानक आठवण्याचा अनुभव मला कधीच मिळणार नाही.

‘सुरुवातीला काही घडत नाही’ हा आपल्या परीक्षकांचा दुसरा आक्षेप. ‘वह कौन थी’ (१९६४) च्या आरंभी तरी असे काय घडते? पावसाळी रात्री एक डॉक्टर रस्त्यात उभ्या असलेल्या अनोळखी स्त्रीला गाडीत घेतो, एवढेच. पण काचेवरचा वायपर बंद पडतो, डॉक्टरला समोरचे दिसेनासे होते आणि शेजारी बसलेल्या तिला मात्र रस्ता दिसत असतो. कोणी ओरडत नाही, कोणी मरत नाही. तरीही त्या क्षणापासून त्या बाईचे प्रत्येक वाक्य आपण संशयाने ऐकू लागतो.

याच्या उलट रीतही आहे. तिच्यात प्रेक्षकापासून काही लपवायचे नसते. पात्रांना ठाऊक नसलेली गोष्ट त्याला आधीच सांगून टाकायची असते. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) मध्ये पहिल्याच क्षणी कोणाचे तरी हात बॉम्बची वेळ लावताना दिसतात, तो बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवला जातो आणि मग सुमारे साडेतीन मिनिटे एकही काट न घेता कॅमेरा त्या गाडीच्या आगेमागे गर्दीतून फिरतो. गाडी थांबली की आपला जीव टांगणीला लागतो आणि पायी चालणारे नायक-नायिका तिच्या जवळ आले की त्यांना हाक मारावीशी वाटते. स्टुडिओने या दृश्यावर श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत चढवले. वेल्स यांनी चित्रपटातील फेरफारांबद्दल ५८ पानांचे टिपण लिहिले होते, आणि १९९८ मध्ये त्या टिपणाच्या आधारे चित्रपट नव्याने संकलित झाला तेव्हा कुठे ती नावे पडद्यावरून हटली आणि रस्त्यावरचे आवाज ऐकू आले. आरंभाच्या साडेतीन मिनिटांची दुरुस्ती व्हायला चाळीस वर्षे जावी लागली, आणि आपले परीक्षक वाचकाला दहा मिनिटे सोडून द्यायला सांगतात! ‘सायको’ (१९६०) साठी हिचकॉक यांनी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा आग्रह धरला होता. प्रेक्षकांनी तो मानला आणि बाहेर रांगा लावल्या.

परीक्षकांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि त्यांचे लेखन मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. म्हणूनच ते वाक्य त्यांनी मागे घ्यावे, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. चित्रपटगृहांच्या वेळा आपण रोज छापता, पण ती वेळ जाहिरातींची असते. मूळ चित्रपट कधी सुरू होतो हे तिकिटावरही नसते आणि विचारले तर दारावरच्या कर्मचाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. चित्रपटगृहांकडून ती वेळ मागवून आपण कंसात छापलीत, तर निदान माझ्यासारख्यांची सुरुवात चुकणार नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक