फोन माझा, किल्ली कंपनीकडे

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री

विषय : विकत घेतलेल्या फोनमधले नको ते सॉफ्टवेअर काढण्याचा आणि हवे ते टाकण्याचा हक्क मिळण्याबाबत

महोदय,

नुकताच नवा फोन घेतला. खोक्यातून काढून सुरू केला, तर आत चाळीसहून जास्त ॲप्स आधीच ठाण मांडून बसलेली. मी त्यांची यादी केली. रिकामटेकडेपणा म्हणा हवे तर. फोन लावणे, निरोप, कॅमेरा, घड्याळ अशी आठ-दहा माझ्या उपयोगाची निघाली. बाकी दोन ब्राउझर, ॲप्सची दोन दुकाने, बातम्यांचे एक, खरेदीचे एक, काही खेळ आणि ज्यांच्या नावावरून कामाचा पत्ताच लागत नाही अशी बरीच. खेळ निमूटपणे निघाले. उरलेल्यांपैकी बहुतेकांपाशी ‘अनइन्स्टॉल’ हे बटणच नव्हते, त्याच्या जागी ‘डिसेबल’ होते.

या दोन शब्दांत मोठे अंतर आहे, आणि हे पत्र त्याच अंतरावर आहे. फोनच्या साठवणीचा एक भाग कंपनी राखून ठेवते. त्यातले वाचता येते, पण वापरणाऱ्याला त्यात फेरफार करता येत नाही. ही ॲप्स तिथे असतात. डिसेबल केली की ती झोपतात, जागा सोडत नाहीत. फॅक्टरी रीसेट केला की पुन्हा उठून उभी राहतात. फोन संगणकाला जोडून कमांड देऊन ती हटवता येतात असे कळले, तेही करून पाहिले. पण त्यामुळे ॲप फक्त माझ्या खात्यापुरते नाहीसे होते, मूळ फाइल होती तिथेच राहते. घर माझ्या पैशाचे, बिऱ्हाडकरू मात्र दुसऱ्याने ठेवलेला आणि त्याला बाहेर काढायची मला परवानगी नाही.

नुसत्या जागेचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. कंपनीने आत बसवलेल्या ॲपला असे अधिकार मिळू शकतात, जे दुकानातून उतरवलेल्या साध्या ॲपला मिळत नाहीत, आणि त्यातले काही तर वापरणाऱ्याला न विचारताच. २०१९ मध्ये संशोधकांनी २१४ ब्रँडच्या १,७०० हून अधिक अँड्रॉइड फोनमधली ८२,००० वर आधीच भरलेली ॲप्स तपासली. त्या कामाचा आधार घेऊन ५० हून अधिक संस्थांनी जानेवारी २०२० मध्ये गूगलच्या प्रमुखांना पत्र लिहिले. त्यातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही : अशी ९१ टक्के ॲप्स प्ले स्टोअरवर नसतातच. म्हणजे दुकानाच्या दारावर जी काही तपासणी होते, तिच्यातून ती कधी गेलेलीच नसतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या २०२१ च्या अभ्यासात तर नुसता पडून असलेला फोनही सरासरी दर साडेचार मिनिटांनी गूगल किंवा ॲपलकडे माहिती धाडताना दिसला. यात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही आले.

हे सगळे का भरतात? अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, तो कोणीही घ्यावा. पण प्ले स्टोअर त्या खुल्या कोडात येत नाही, त्यासाठी गूगलशी वेगळा करार लागतो. दुकान हवे तर आमचा सर्च आणि आमचा ब्राउझरही फोनमध्ये बसवा, अशी अट गूगलने फोन बनवणाऱ्यांना घातली होती. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरोचा दंड केला, त्यामागच्या कारणांत ही अट होती. (२०२२ मध्ये न्यायालयाने तो थोडा कमी केला, पण निर्णय बहुतांशी उचलून धरला.) त्यावर फोन कंपनीची स्वतःची ॲप्स आणि पैसे मोजून आत शिरलेल्या इतरांची. या पैशामुळे फोन स्वस्त मिळतो, असे कंपन्या सांगतात. असेलही. मग खोक्यावर छापा की अमुक इतकी ॲप्स आत आहेत, ती निघत नाहीत, आणि त्यांचे पैसे आम्हाला मिळालेले आहेत.

आता माझ्या जुन्या फोनची गोष्ट. पडदा शाबूत, बॅटरी ठीक, कॅमेरा नव्यापेक्षा फार वाईट नाही. कंपनीने सुरक्षा अपडेट देणे बंद केले, एवढाच त्याचा आजार. लिनेजओएससारख्या मुक्त प्रणाली (म्हणजे फोन चालवणारे, कोणालाही घेता येणारे मूळ सॉफ्टवेअर) स्वयंसेवक सांभाळतात आणि जुन्या फोनना त्यांच्यामुळे नवे आयुष्य मिळते. पण ती घालायची तर आधी बूटलोडर उघडावा लागतो. फोन सुरू होताना सर्वात आधी चालणारा हा छोटा प्रोग्राम, कोणती प्रणाली चालू द्यायची हे तोच ठरवतो. माझ्या फोनचा बूटलोडर कुलूपबंद आहे आणि कंपनी किल्ली देत नाही. हुआवेने तर २०१८ मध्ये किल्ल्या देणे जाहीरपणे थांबवले. म्हणजे कंपनी स्वतः दुरुस्त करणार नाही आणि दुसऱ्यालाही करू देणार नाही.

एका ओळखीच्याचा फोन उघडता आला. त्याने मुक्त प्रणाली घातली, फोन लोण्यासारखा चालायला लागला, आणि बँकेचे ॲप म्हणाले, हे उपकरण विश्वासार्ह नाही. अशी अनेक ॲप्स प्रणाली गूगलने मान्य केलेली आहे का, हे गूगललाच विचारतात. गंमत पाहा, चार वर्षे अपडेट न मिळालेला कंपनीचा फोन या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो आणि गेल्या आठवड्यात अपडेट झालेली मुक्त प्रणाली नापास! तेव्हा ही परीक्षा सुरक्षिततेची कमी आणि हुकमतीची जास्त, असे माझे मत आहे.

कुलूप नको असे मी म्हणत नाही. फोन चोरीला जातात, त्यात आपले सगळे आयुष्य असते. फोन कुलूपबंदच विकावा, पण किल्ली मालकाला द्यावी. हे अशक्य नाही. गूगलच्याच बहुतेक पिक्सेल फोनमध्ये बूटलोडर उघडता येतो, उघडताना आतली माहिती पुसली जाते (त्यामुळे चोराच्या हाती काही लागत नाही), आणि ग्राफीनओएससारखी दुसरी मुक्त प्रणाली घालून तो पुन्हा कुलूपबंदही करता येतो. टेबलावरच्या संगणकावर आपण इतकी वर्षे विंडोज पुसून लिनक्स घालत आलो. तेव्हा कोणी आपल्याला संशयित ठरवले नाही.

कायदा कुठून सुरू करायचा याचे नमुने आहेत. दक्षिण कोरियाने २०१४ मध्येच अनावश्यक ॲप्स काढता आली पाहिजेत, असे बजावले. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने ७ मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना तेच बंधन घातले आणि जून २०२५ पासून तिथे विक्री संपल्यावरही किमान ५ वर्षे अपडेट देणे भाग आहे. मला त्यापुढचे एक पाऊल हवे आहे. ज्या दिवशी अपडेट थांबतील, त्या दिवशी बूटलोडरची किल्ली आपोआप ग्राहकाच्या हाती पडावी. आणि बँका व सरकारी सेवा यांनी फोनची पारख एका कंपनीच्या शिक्क्यावर सोडू नये.

एक विनंती थेट आपल्याला. कंपन्यांना हुसकावून ती रिकामी जागा सरकारने बळकावू नये. रशियाने एप्रिल २०२१ पासून फोनमध्ये देशी ॲप्स भरून विकण्याची सक्ती केली, आणि सप्टेंबर २०२५ पासून मॅक्स नावाचे निरोपांचे ॲपही त्या यादीत घातले. ॲप कितीही लोकोपयोगी असो, ते दुकानात ठेवा. लोकांना गरज वाटली तर घेतील, आणि मन भरले की काढून टाकतील.

उत्तराची वाट पाहतो आहे. ते साध्या पत्राने किंवा ईमेलने पाठवावे. त्यासाठी मला एखादे ॲप उतरवायला लावू नये.

आपला,
दोन फोनांचा कागदोपत्री मालक